जुनं गोवं, सेंट ऑगस्टीनचा मनोरा आणि मामाचा ओळंबा

आमच्या वाईपासून जवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. लहानपणी मी ती शेकडो वेळा बघितली असेल. मेरी आणि बाळ येशूची आकृती तिच्यावर ओतलेली आहे, मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधून आलेली, असं शाळेत बाईंनी सांगितलं होतं. भीमाशंकरला तशीच एक आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळावर एक आहे. मला तेव्हापासून एकच प्रश्न पडायचा, की एवढी जड वस्तू ज्या मनोऱ्यात टांगली होती तो मनोरा केवढा असेल. मग कॉलेजात असताना वसईच्या किल्ल्यात गेले, सेंट जोसेफच्या मनोऱ्याचा आतला गोल जिना बघितला, आणि तेव्हापासून चर्चचे मनोरे बघायचे हे डोक्यात बसलं ते बसलंच. जुन्या गोव्याचा सेंट ऑगस्टीनचा मनोरा तेवढा राहिला होता, म्हणजे दोनदा गोव्याला जाऊनही राहिला होता, कारण ग्रुपबरोबर गेलं की लोक बॉम जेझू आणि से कॅथेड्रल बघून बसमध्ये बसतात.

ह्या वेळी मामाला घेऊन गेले. मामा लांज्याचा, चाळीस वर्षं जांभ्याचं, म्हणजे कोकणातल्या लाल दगडाचं बांधकाम केलेला माणूस, चिरा हातात घेतला की कुठल्या खाणीचा असेल ते सांगतो. ऑक्टोबर होता, पाऊस नुकताच उघडलेला.

पहिला दिवस

रत्नागिरीहून पहाटे कोकणकन्या पकडली आणि सकाळी करमळीला उतरलो. जुन्या गोव्याला जायचं असेल तर करमळीलाच उतरावं, मडगावपर्यंत जाऊन परत येण्यात काही अर्थ नाही. स्टेशनवरून रिक्षाने दहा मिनिटांत चर्चांच्या मैदानापाशी, तिथून पुढे रायबंदरला एका घरात खोली घेतली होती तिथे बॅगा टाकल्या, आंघोळ, शीत-कडी खाल्ली, मामा थोडा आडवा झाला. दुपारी उन्हं कलल्यावर निघालो.

आधी से कॅथेड्रल. हे मुद्दाम आधी बघितलं कारण तिथेही मनोरा एकच आहे. समोर उभं राहिलं की लगेच जाणवतं की काहीतरी कमी आहे, डाव्या-उजव्या बाजूचा तोल नाही. दोन होते, उत्तरेकडचा १७७६ मध्ये पडला आणि परत बांधलाच नाही. दक्षिणेकडचा शाबूत आहे आणि त्यात ती 'सोन्याची घंटा' म्हणून प्रसिद्ध असलेली घंटा आहे, गोव्यातली सगळ्यात मोठी. चर्च १५६२ ला सुरू होऊन १६१९ मध्ये मुख्य काम संपलं, म्हणजे दोन पिढ्यांचं काम. मामा आत फार रमला नाही, तो बाहेर येऊन भिंतीच्या पायाशी बसला आणि चुन्याच्या गिलाव्यावरून हात फिरवत म्हणाला, "हा नीट आहे. ह्याच्या पोटात जांभाच असणार, पण ह्याला पाऊस लागलेला नाही." मला तेव्हा हे वाक्य विशेष वाटलं नाही.

मग बॉम जेझू. हे १५९४ ते १६०५ मधलं. हे लाल दिसतं कारण ह्याचा गिलावा १९५० च्या दशकात पोर्तुगीजांच्याच वास्तुतज्ज्ञाने, बाल्ताझार दा कास्त्रोने, काढून टाकला. दगड उघडा दिसला की इमारत जुनी आणि भारदस्त वाटते असा तेव्हाचा विचार. आता उलट लोक म्हणतायत की गिलावा परत चढवा, नाहीतर जांभा पावसाने खाऊन जाईल. मामाने दर्शनी भिंतीचा काळा दगड आणि लाल चिरा असा वेगवेगळा दाखवला. बारीक कोरीवकाम जांभ्यात होत नाही, त्याला भोकं असतात, कड धरत नाही, म्हणून खांब, चौकटी, नक्षी हे सगळं काळ्या पाषाणात. आणि हा काळा दगड वसईकडून समुद्रातून आणलेला. हे मी वाचलेलं होतं पण तिथे उभं राहून मामाला सांगताना अंगावर काटा आला, म्हणजे घंटा वसईहून आमच्याकडे वर घाटावर गेल्या आणि त्याच्या शंभर-दीडशे वर्षं आधी दगड वसईहून इकडे खाली आला होता.

मनोऱ्याकडे त्या दिवशी जायचं नव्हतं, दुसरा दिवस पूर्ण त्यालाच ठेवला होता. पण बॉम जेझूच्या बाजूच्या चढावरून वर बघितलं तर झाडांच्या मागे तो दिसलाच. मावळतीचं ऊन पडलेलं आणि एकटा उभा. मामा म्हणाला, "चल ना, अंधार पडायच्या आत एकदा लांबून बघून येऊ." मग गेलोच. पाच मिनिटं बघितलं आणि खाली आलो, रात्री जेवताना दोघंही त्याच्याबद्दलच बोलत होतो.

दुसरा दिवस

सकाळी आठच्या आधी टेकडीवर. ह्या टेकडीला मोंते सांतो म्हणतात, पवित्र टेकडी. ऑगस्टिनियन पंथाचे धर्मगुरू १५७२ मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी ह्या टेकडीवर मठ उभा केला, त्याला लागून हे चर्च, नाव नोसा सेन्योरा दा ग्रासा, १६०२ मध्ये पूर्ण झालं. त्या वेळी गोव्याचा आर्चबिशप होता आलेशो दी मेनेझिस, तो स्वतः ह्याच पंथातला. हे नाव मला ओळखीचं होतं कारण वसईच्या सेंट जोसेफमध्ये दगडावर जो लेख आहे, १६०१ मध्ये चर्च नव्याने बांधलं असं सांगणारा, त्यात ह्याचंच नाव आहे. म्हणजे एकाच माणसाच्या कारकिर्दीत तिकडे वसईला एक मनोरा आणि इकडे हा.

आता मनोरा. ४६ मीटर उंच. आकडा वाचून काही कळत नाही म्हणून मामाने हिशोब केला, नऊ इंचाचा एक थर धरला तर दोनशे थर. दोनशे थर चिरे, चुन्यात बसवलेले, आणि प्रत्येक चिरा बांबूच्या पराचींवरून वर नेलेला. चर्चला असे चार मनोरे होते, त्यातला हा एक उरला, आणि हाही पूर्ण नाही. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि ह्या मनोऱ्याचा अर्धा भाग कोसळला, १९३८ मध्ये अजून काही पडलं. त्यामुळे एका बाजूने बघितलं तर मनोरा वाटतो, मजल्यावर मजला, प्रत्येक मजल्याला कमानीचं मोठं भोक, आणि दुसऱ्या बाजूला गेलं की पोट उघडं पडलेलं. इंजिनिअर लोक कागदावर इमारतीचा उभा छेद काढतात ना, तसा छेद इथे खराच समोर उभा आहे. भिंत किती जाड, कमानीचे दगड एकमेकांत कसे पाचरीसारखे बसवलेत, बाहेरून सरळ वाटणारी भिंत आत कशी भरलीय, सगळं दिसतं. मामा तिथे तासभर उभा होता.

त्याने खिशातून सुतळी काढली, तिला किल्ल्यांचा जुडगा बांधला, हात लांब करून एक डोळा मिटून मनोऱ्याच्या कडेवर धरला. हा त्याचा ओळंबा, म्हणजे भिंत सरळ उभी आहे का ते बघायची दोरी. जागा बदलून तीनदा बघितलं आणि मग म्हणाला, "कड ओळंब्यातच आहे गं." त्याच्या आवाजात जो आदर होता तो मी ह्या आधी फक्त त्याच्या गुरूबद्दल, म्हणजे ज्या गवंड्याच्या हाताखाली तो पोरसवदा असताना चिरे द्यायचा त्याच्याबद्दल बोलतानाच ऐकलाय. चारशे वर्षं, एका बाजूची अर्धी इमारत गेलेली, आणि उरलेली कड माझ्या मामाच्या सुतळीला समांतर.

मी विचारलं की मग पडलं कशाने, एवढं चांगलं बांधलं होतं तर? तर त्याने मला खाली बसवून समजावलं, आणि ह्या ट्रिपमधलं मला मिळालेलं सगळ्यात मोलाचं हेच. जांभा खाणीतून काढतो तेव्हा मऊ असतो, तासणीने तासता येतो, आणि हवा लागली की कडक होतो. पण त्याच्या अंगात भोकं असतात, तो पाणी पितो. म्हणून कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या मोठ्या इमारतीला बाहेरून चुन्याचा गिलावा करायचे, शिंपले भाजून केलेला चुना, आणि वर दर वर्षी पांढरी. तो गिलावा म्हणजे शोभा नाही, रेनकोट आहे. तो सुटला की पाणी चिऱ्यात, चिऱ्यातून सांध्यातल्या चुन्यात, चुना वाहून जातो, सांधा पोकळ होतो, तिथे पाखरं पिंपळाचं बी टाकतात, मूळ पाण्याच्या मागे आत जातं आणि जाड होत होत चिरे एकमेकांपासून उचकटतं. हे एका वर्षात होत नाही. पण दहा वर्षं कोणी वर चढून रोप उपटलं नाही तर मग होतंच.

आणि इथे नेमकं तेच झालं. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक पंथ बंद केले, मठ रिकामे झाले, ऑगस्टिनियन निघून गेले. त्यानंतर अवघ्या सात वर्षांत, १८४२ मध्ये, चर्चचं छत कोसळलं. हे छत लाकडाचं नव्हतं, दगडी होतं, कमान लांबवर ओढत नेली तर जसा अर्धगोल बोगदा होईल तसं. मामाने दोन्ही हातांची बोटं जुळवून कमान केली आणि मला वरून दाबायला सांगितलं, तर त्याचे कोपर बाहेर सरकले. छताचं वजन असं भिंतींना बाहेर ढकलतं, म्हणून भिंती एवढ्या जाड, म्हणून बाजूला छोटी छोटी चॅपल्स, ती ह्या ढकलण्याला टेकू देतात. छत गेलं की भिंती सुट्या, आणि डोक्यावरून पाऊस थेट आत. दर्शनी भिंत त्यानंतरही नव्वद वर्षं उभी राहिली ह्याचंच मामाला नवल वाटत होतं.

तोफा नाही, भूकंप नाही, कोणी पाडलं नाही. सात पावसाळे.

मग आत फिरलो. आता छप्पर नसलेलं अंगण वाटतं, पण जमिनीवर नीट बघितलं तर चर्च उलगडत जातं. मधे लांब एकच दालन, दोन्ही बाजूला चॅपल्स, आठ चॅपल्स आणि चार वेद्या होत्या, टोकाला मुख्य वेदीचा चौथरा. त्याच्या बाजूला मठ, धर्मगुरूंच्या खोल्यांच्या ओळी, मधे चौक. पुरातत्त्व खात्याने उत्खनन करून हे सगळं मोकळं केलंय. चालता चालता लक्षात येतं की आपण थडग्यांवरून चालतोय, जमिनीतले मोठे मोठे दगड म्हणजे समाध्या, त्यांच्यावर घराण्यांची चिन्हं, काहींवर कवटी आणि हाडं कोरलेली. पावसाचं पाणी एका कवटीच्या डोळ्यात साचलेलं होतं. मी चप्पल काढून कडेकडेने चालायला लागले, मामाने पण काढली.

एका चॅपलच्या भिंतीवर जुन्या रंगीत टाइल्सचे तुकडे अजून चिकटलेले आहेत, निळा पिवळा रंग. मी खूप वेळ बघत बसले. मैलभर लाल दगड बघून झाल्यावर तळहाताएवढा तो निळा रंग, आणि मग डोक्यात येतं की हे सगळं उघडं लाल कधीच नव्हतं. आतून टाइल्स, रंगवलेल्या भिंती, सोनेरी वेद्या, बाहेरून पांढरीशुभ्र इमारत, नदीतून जहाज येताना टेकडीवर सगळ्यात आधी हीच दिसत असणार. आपण जे बघतो तो सांगाडा आहे.

आता केतेवान राणीबद्दल सांगायलाच पाहिजे. ही जॉर्जियातल्या काखेतीची राणी. इराणच्या शाह अब्बासने तिला शिराझमध्ये कैदेत ठेवलं, धर्म बदलायला नकार दिला म्हणून १६२४ मध्ये हाल करून मारलं. शिराझमध्ये तेव्हा ऑगस्टिनियन धर्मगुरू होते, त्यांनी तिचे अवशेष लपवून काढले आणि काही भाग १६२७ मध्ये इथे ह्या मठात आणून ठेवला. जुन्या पोर्तुगीज कागदांत जागा लिहिलेली होती, सभागृहाच्या बाजूची दुसरी खिडकी, तिथे दगडी पेटीत. पण छत पडून सगळा ढिगारा झाल्यावर कुठली खिडकी आणि कुठली दुसरी! पुरातत्त्व खात्याने वर्षानुवर्षं शोध घेतला, आधी सभागृह कुठलं ते नक्की केलं, मग खिडकी, २००४ च्या सुमारास हाडाचा तुकडा मिळाला. हैदराबादच्या सीसीएमबी ह्या संशोधन संस्थेने डीएनए तपासला, तर तो प्रकार भारतात जवळजवळ न आढळणारा आणि जॉर्जियात आढळणारा निघाला. २०२१ मध्ये भारताने त्या अवशेषांचा भाग जॉर्जियाला दिला, परराष्ट्रमंत्री जयशंकर स्वतः घेऊन गेले होते. तिथल्या लोकांसाठी ती संत आहे.

मी ती जागा शोधून तिथे उभी राहिले. आजूबाजूला कोणी नव्हतं. कुठलं शिराझ, कुठलं जॉर्जियातलं तिबिलिसी, आणि मधली चारशे वर्षं ती इथे कोकणच्या पावसात जांभ्याखाली. मामाने हात जोडले, मी पण जोडले.

दुपारी बाजूचा सांता मोनिकाचा मठ बघितला, १६०६ ला ह्याच मेनेझिसने नन्ससाठी सुरू केलेला, प्रचंड इमारत आहे, बाहेरून मोठमोठे तिरपे धिरे दिलेत भिंतींना, मामाने तेच बघितले. पुढे टेकडीच्या टोकाला रोझरीचं चर्च, १५४० च्या दशकातलं, गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज अल्बुकर्कने केलेल्या नवसाचं. ते छोटं आहे, कोपऱ्यांवर गोल बुरुजांसारखे मनोरे, आणि तिथून मांडवी फार सुंदर दिसते. पण पाय दुखत होते, खरं तर परत मनोऱ्यापाशी जाऊन बसायचं होतं. तसंच केलं. संध्याकाळी पोपटांचे थवे त्याच्या वरच्या कमानीतून आरपार जात होते. जिथे घंटा टांगलेली असायची तिथूनच.

तिसरा दिवस

आज घंटेकडे. ह्या मनोऱ्याची घंटा वाचली ही फार मोठी गोष्ट आहे. १८४१ मध्ये, म्हणजे छत पडायच्या एक वर्ष आधी, ती आग्वाद किल्ल्यावर दीपगृहासाठी नेली. तीस वर्षं ती तिथे समुद्रावर वाजली. मग १८७१ मध्ये पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चला दिली आणि तिच्यासाठी चर्चच्या माथ्यावर मुद्दाम घंटाघर वाढवलं. से कॅथेड्रलच्या सोन्याच्या घंटेनंतर गोव्यातली ही दुसरी मोठी.

रायबंदरहून बस पकडली, पणजीला जाणारा तो लांबच लांब जुना बांध, तो पण पोर्तुगीजांनी १६३० च्या दशकात बांधलेला, जांभ्याच्या कमानींवर, आणि आजही त्यावरून बस जाते. मामा पूर्ण रस्ताभर खिडकीतून वाकून खालच्या कमानी दिसतायत का बघत होता, कंडक्टरने दोनदा हात आत घ्यायला सांगितलं.

पणजीत भाजीपाव खाल्ला आणि चर्चपाशी गेलो. सगळ्यांनी फोटोत बघितलेलं असतं ते, पांढरंशुभ्र, समोर नागमोडी दुहेरी जिना. तो जिना पण त्याच वेळचा, १८७० च्या आसपासचा. लोक जिन्यावर फोटो काढत होते, आम्ही दोघं रस्त्याच्या पलीकडे मान वर करून उभे. वर मधल्या कमानीत ती आहे. इतकी वर्षं फक्त नावाने माहीत असलेली. खालून काळपट दिसते, आणि तिच्यामागे आकाश. मेणवलीच्या घंटेला मी लहानपणी हात लावलाय, तिचा गारवा माहितीये, हिला हात लावता येणार नव्हता, पण तोच धातूचा रंग, तीच गोलाई. आमच्या घंटेचा मनोरा मला कधीच नेमका सापडणार नाही. हिचा मनोरा मी काल दिवसभर बघितला होता, त्या कमानीची रुंदी डोळ्यांत होती, आणि मी मनातल्या मनात हिला तिथे नेऊन टांगून बघत होते.

मामा तोपर्यंत जिना चढून वर गेला होता. तिथे एक म्हातारे गृहस्थ झाडू मारत होते, त्यांच्याशी ह्याच्या गप्पा सुरू, हा मालवणीत आणि ते कोंकणीत, दोघांना सगळं कळत होतं. मी वर पोचले तर मामा भिंतीच्या खालच्या अंगाला, जिथे पाऊस उडून हिरवं पडतं, तिथे बोट लावून विचारत होता की हे पांढरं कधी करता.

"दर वर्सा," ते म्हणाले, "पावस सोंपलो की."

कोपऱ्यात चुन्यासारख्या पांढऱ्या रंगाचे डबे मांडून ठेवलेलेच होते, डिसेंबरच्या आठ तारखेला फेस्त, म्हणजे चर्चचा सण, असतं त्याच्या आधी सगळं काम उरकायचं म्हणाले. मामाने एका डब्याचं झाकण उघडून वास घेतला, दोन बोटांत रंग चोळून बघितला, आणि ते दोघं जिन्याच्या कठड्यावर बसून शिंपल्याचा चुना किती दिवस भिजत घालायचा ह्यावर बोलत राहिले. आमची परतीची गाडी करमळीहून होती, मी दोनदा घड्याळ दाखवलं, तरी अर्धा तास काही उठला नाही.